केडीकेए १०२० : पिट्सबर्गच्या बातम्या-गप्पांच्या रेडिओबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्गला नव्यानं आलेले विद्यार्थी, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आणि पुण्या-नाशिकहून फोनवर चौकशी करणारे नातेवाईक, या सगळ्यांचे या रेडिओबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवण्यापेक्षा सगळी उत्तरं एकत्र लिहून काढली आहेत. मी या केंद्रात काम करत नाही. स्वयंपाकघरात आणि गाडीत रोज ऐकणारी एक श्रोती आहे. निवेदक आणि कार्यक्रमांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायचं टाळलं आहे. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केडीकेए म्हणजे नक्की काय? त्यावर गाणी लागतात का?

गाणी लागत नाहीत. पिट्सबर्ग शहर आणि आसपासच्या पश्चिम पेनसिल्वेनियासाठी दिवसभर बातम्या, रहदारी, हवामान आणि श्रोत्यांच्या फोनसह चालणारे चर्चेचे कार्यक्रम, असं त्याचं स्वरूप आहे. इंग्रजीत अशा केंद्राला ‘न्यूज-टॉक’ म्हणतात.

नव्या माणसाला मी हेच आधी लावायला सांगते. वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते फोनवर आपोआप कळतं. पण आपल्या वस्तीत पाणी उकळून प्यायची सूचना निघाली आहे, बसचे फेरे कमी होणार आहेत, शाळेच्या कराबद्दल आज संध्याकाळी सभा आहे, हे सांगायला त्या गावात बसलेला माणूस लागतो. महिनाभर नुसतं कानावर पडू द्या. गावांची नावं, नद्या, पूल, पुढाऱ्यांची आडनावं हळूहळू ओळखीची होतात.

२. हे आपल्या आकाशवाणीसारखं सरकारी आहे का?

नाही. ते खाजगी आहे आणि जाहिरातींवर चालतं. आपल्याकडच्या सवयीच्या हे अगदी उलट आहे. भारतात खाजगी एफएम केंद्रं गाणी लावतात आणि बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवतात. इथे खाजगी केंद्राचा स्वतःचा बातमीकक्ष असतो आणि बातमी काय द्यायची हे सरकार ठरवत नाही.

सरकारचा संबंध परवान्यापुरता. संघराज्य संपर्क आयोग, म्हणजे एफसीसी, आठ वर्षांसाठी परवाना देतो आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. प्रत्येक केंद्राला काही कागदपत्रं जनतेसाठी ऑनलाइन खुली ठेवावी लागतात. निवडणुकीच्या जाहिराती कुणी घेतल्या आणि त्यासाठी किती पैसे मोजले, हेसुद्धा त्यात असतं. निवडणुकीच्या दिवसांत ती फाइल जरूर उघडून बघा. कुणालाही बघता येते.

देणग्यांवर चालणारं सार्वजनिक रेडिओ केंद्र हवं असेल, तर पिट्सबर्गमध्ये ते डब्ल्यूईएसए, ९०.५ एफएम.

३. ते लागतं कुठे? कुणी १०२० सांगतं, कुणी १००.१.

दोन्ही बरोबर. मूळ केंद्र एएमवर, म्हणजे आपल्या भाषेत मीडियम वेव्हवर, १०२० किलोहर्ट्झला आहे. शहराच्या उत्तरेला ॲलिसन पार्क इथे त्याचा मनोरा आहे आणि शक्ती ५०,००० वॅट. अमेरिकेत एएम केंद्राला यापेक्षा जास्त शक्ती मिळत नाही. १००.१ एफएमवर तोच कार्यक्रम एका लहान सहप्रक्षेपकावरून ऐकू येतो. अशा सहप्रक्षेपकाला जास्तीत जास्त २५० वॅट मिळतात.

म्हणून शहरात १००.१ लावा, आवाज स्वच्छ येतो. डोंगराआड गेलात किंवा शहराबाहेर पडलात की एफएम तुटायला लागेल. तेव्हा १०२० वर या.

४. बाबांनी पुण्याहून छान डिजिटल रेडिओ आणला आहे. त्यावर १०१७ येतं, १०२६ येतं, पण १०२० येतच नाही. रेडिओ बिघडला आहे का?

रेडिओ ठणठणीत आहे. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. भारतात मीडियम वेव्हवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं मांडलेली आहेत. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, पुणे ७९२; दोन्ही आकड्यांना नऊनं पूर्ण भाग जातो. अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झचं आहे. भारतातला डिजिटल रेडिओ नऊ-नऊच्या पायऱ्यांनी पुढे सरकतो, म्हणून तो १०२० ओलांडून पुढे निघून जातो.

प्रवासी रेडिओंमध्ये ९ आणि १० यांतलं अंतर निवडायची सोय बहुधा असते. कधी सेलच्या कप्प्यात बारीक बटण असतं, कधी रेडिओ बंद असताना एखादी कळ दाबून धरावी लागते. माहितीपुस्तिका बघा. सोय नसेल तर १००.१ एफएम लावा, ते भारतीय रेडिओवर बिनतक्रार लागतं. काटा फिरवायचा जुना रेडिओ असेल तर प्रश्नच नाही, काट्याला पायऱ्या नसतात.

आणि एक. इथली वीज १२० व्होल्टची आहे. भारतातला ॲडॉप्टर आधी वाचून बघा, नाहीतर सेलवर चालवा.

५. घरात दिवसा नुसती खरखर येते. मग रात्री पाचशे मैलांवरच्या मित्राला हेच केंद्र कसं ऐकू येतं?

या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

खरखर बहुतेक वेळा तुमच्या घरातलीच असते. एलईडी दिवे, फोनचे चार्जर, संगणक, दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचं बटण, ही सगळी मंडळी मीडियम वेव्हवर गोंगाट घालतात. रेडिओ सेलवर चालवून खिडकीशी न्या आणि एकेक उपकरण बंद करत जा; गुन्हेगार लगेच सापडतो. शिवाय एएमची एरियल रेडिओच्या पोटात आडवी असते, वर ओढायची दांडी फक्त एफएमसाठी. म्हणून दांडी ओढून उपयोग नाही, अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. आमच्या आजोबांचा मर्फी फळीवर कायम तिरका ठेवलेला असे, त्याचं कारण मला इथे आल्यावर कळलं.

रात्रीची गोष्ट आकाशातली आहे. सूर्य असताना वातावरणाच्या वरच्या भागातला एक विद्युतभारित थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून उंच थरापर्यंत पोचतात आणि तिथून परतून शेकडो मैलांवर उतरतात. सगळ्या केंद्रांच्या लहरी अशाच पसरल्या तर एकमेकींत मिसळतील, म्हणून असंख्य एएम केंद्रांना सूर्यास्तानंतर शक्ती घटवावी लागते किंवा ठरावीक दिशेलाच प्रक्षेपण करावं लागतं. केडीकेए हे पहिल्या वर्गातलं, रात्री संरक्षण मिळालेलं केंद्र आहे. त्यामुळे ते दिवसरात्र पूर्ण शक्तीनं आणि चारही दिशांना बोलतं. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत आणि कॅनडात ते रात्री मिळतं, मात्र आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो.

अपवाद पश्चिम किनाऱ्याचा. लॉस एंजेलिसला १०२० वरच दुसरं मोठं केंद्र आहे आणि ते स्पॅनिश बोलतं. तिथल्या भावानं “तुझ्या रेडिओवर तर स्पॅनिश लागतंय” म्हटलं तर गोंधळू नका.

६. केडीकेएचा अर्थ काय? कशाची आद्याक्षरं आहेत?

कशाचीच नाहीत. १९२० साली सरकारी यादीत ओळीनं पुढे आलेलं ते नाव होतं. ती यादी मुख्यतः जहाजांसाठी होती.

जाणकार मंडळी पुढचा प्रश्न विचारतात : मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची केंद्रं ‘डब्ल्यू’नं सुरू होतात आणि पश्चिमेची ‘के’नं, मग पिट्सबर्गला ‘के’ कसा? तर नदीची ही वाटणी १९२३ साली ठरली. ज्यांची नावं आधीच पडली होती त्यांची तशीच राहिली.

७. जगातलं पहिलं रेडिओ केंद्र हेच, हे खरं का?

‘पहिलं’ म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. आधी घडलं काय ते सांगते.

फ्रँक कॉनरॅड हे वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंते. पिट्सबर्गला लागून असलेल्या विल्किन्सबर्गमध्ये घराच्या गॅरेजात त्यांचं हौशी केंद्र होतं, नाव ८एक्सके. १९१९ मध्ये, बोलून बोलून कंटाळा आल्यावर, त्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्या लावायला सुरुवात केली. ऐकणारे आणखी मागू लागले. घरातल्या तबकड्या संपल्या तेव्हा गावातल्या दुकानदारानं उसन्या दिल्या. अट एवढीच की दुकानाचं नाव सांगायचं. ज्या तबकड्या हवेत वाजत त्या दुकानात जास्त खपत, हे दुकानदाराच्या लगेच लक्षात आलं. रेडिओवरच्या जाहिरातीचं बीज मला या व्यवहारात दिसतं.

२९ सप्टेंबर १९२० ला हॉर्न्स या मोठ्या दुकानानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली : कॉनरॅड यांचे कार्यक्रम ऐकायचे असतील तर तयार संच दहा डॉलरपासून मिळतील. ती वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांनी वाचली. तोवर बिनतारी यंत्राकडे सगळे ‘एकानं एकाशी बोलायचं साधन’ म्हणून बघत होते आणि कुणीही ऐकू शकतं हा त्याचा दोष मानला जात होता. डेव्हिस यांना त्या दोषातच धंदा दिसला : रोज ऐकण्याजोगं काही दिलं तर लोक घरोघरी संच विकत घेतील, आणि संच बनवणार आपण. पुढच्या पाच आठवड्यांत ईस्ट पिट्सबर्गच्या कारखान्याच्या गच्चीवर खोपटं उभं राहिलं, १०० वॅटचा प्रक्षेपक बसला आणि २७ ऑक्टोबरला परवाना निघाला.

२ नोव्हेंबर १९२०. हार्डिंग विरुद्ध कॉक्स, अध्यक्षपदाची निवडणूक. वर्तमानपत्राच्या कचेरीतून आकडे फोननं गच्चीवर येत होते आणि लिओ रोझेनबर्ग ते वाचून दाखवत होते. मधूनमधून ते विचारत : हे कुणाला ऐकू येत असेल तर कृपा करून आम्हाला कळवा. आपला आवाज कुठवर पोचतोय याची बोलणाऱ्याला काहीच कल्पना नसणं, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

आता दावे. डेट्रॉइटचं ८एमके, पुढचं डब्ल्यूडब्ल्यूजे, त्याच वर्षी २० ऑगस्टपासून बोलत होतं आणि त्यानं ऑगस्टअखेर तिथल्या प्राथमिक निवडणुकीचे निकालही सांगितले होते. कॅलिफोर्नियात सॅन होजेला चार्ल्स हेरॉल्ड १९०९ पासून प्रक्षेपणाचे प्रयोग करत होते. माँट्रियलचा दावा वेगळाच. केडीकेएची बाजू अशी की व्यापारी परवाना घेऊन, ठरलेल्या वेळापत्रकानं, सर्वसामान्य लोकांसाठी आणि त्या दिवसापासून अखंड, हे सगळं एकत्र इथेच प्रथम झालं. मला हा दावा पटतो. मात्र ‘जगातला पहिला आवाज’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

यानंतरचे काही पहिलेपण निर्विवादच्या जवळ जातात. २ जानेवारी १९२१ ला कॅल्व्हरी चर्चमधली उपासना थेट ऐकवली गेली. तंत्रज्ञ भाविकांच्या नजरेत येऊ नयेत म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घातले होते. ५ ऑगस्ट १९२१ ला हॅरल्ड आर्लिन यांनी फोर्ब्ज फील्डवरून पायरेट्स (पिट्सबर्गचा संघ) आणि फिलीज यांचा बेसबॉल सामना वर्णन करून सांगितला. आपल्याकडे मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, म्हणजे हा काळ किती आधीचा हे लक्षात येईल.

८. केडीकेए टीव्ही आणि ९३.७ ‘द फॅन’ हेही यांचंच का?

९३.७ होय. त्याचं अधिकृत नाव केडीकेए-एफएम, मालक तोच, विषय फक्त खेळ. टीव्हीचं पूर्वी एकच घर होतं, आता नाही. वेस्टिंगहाउस १९९५ मध्ये सीबीएसशी जोडली गेली. सीबीएसनं २०१७ मध्ये रेडिओ केंद्रं एंटरकॉमला दिली आणि टीव्ही स्वतःकडे ठेवला. एंटरकॉमनं २०२१ मध्ये ऑडसी हे नाव घेतलं. म्हणून टीव्हीवरच्या बातमीची तक्रार रेडिओला पाठवू नका, ती तिथेच पडून राहील.

९. रहदारीची बातमी मला एक अक्षर कळत नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर ही नावंच नसतात!

पाटीवर क्रमांक असतो, रेडिओवर जुनं नाव. एवढी यादी पाठ करा :

‘पार्कवे ईस्ट’ म्हणजे आय-३७६ चा शहरातून पूर्वेला मन्रोव्हिलकडे जाणारा भाग. तोच ३७६ पश्चिमेला विमानतळाकडे निघाला की ‘पार्कवे वेस्ट’. ‘पार्कवे नॉर्थ’ म्हणजे आय-२७९. ‘ट्यूब्ज’ म्हणजे लिबर्टी बोगदे. ‘मॉन’ म्हणजे मोनोंगहेला नदी. ‘इनबाउंड’ शहराकडे, ‘आउटबाउंड’ शहराबाहेर.

आणि ‘बाथटब’. डाउनटाउनला लागून पार्कवे ईस्टचा एक तुकडा नदीकाठी खोलगट आहे. मॉनला पाणी चढलं की तो भरतो आणि रस्ता बंद होतो. “बाथटब बंद” ऐकलं की त्या दिवशी अर्धा तास आधी निघा. नवीन आलेल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, कुणाच्या घरातल्या टबाची बातमी रेडिओवर कशाला सांगतात? तिचं काहीच चुकलं नव्हतं. नकाशावर हे नाव नाही, ते फक्त इथल्या लोकांच्या तोंडात आहे.

स्क्विरल हिल बोगद्याशी रोज गाड्या तुंबतात. अपघात झालेला नसतो. बोगद्याच्या तोंडाशी येऊन सगळे वेग कमी करतात, एवढंच. निवेदक “नेहमीसारखं” म्हणाला तर त्याचा अर्थ हा.

१०. चर्चेच्या कार्यक्रमात निवेदक सरळ एका पक्षाची बाजू घेतो. हे चालतं कसं?

बातमीपत्र आणि टॉक शो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनात पक्कं करा. बातमीपत्र वाचणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. टॉक शोच्या निवेदकाला मतासाठीच बसवलेलं असतं.

१९४९ पासून अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा नियम होता. वादाच्या विषयाला वेळ द्या आणि दुसरी बाजूही ऐकवा, असं तो सांगे. १९८७ मध्ये तो रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि एका बाजूनं ठासून बोलणारा टॉक रेडिओ एएमवर पसरला. हेच लिंबॉ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्या नावानं पिट्सबर्गच्या केंद्रांवर गाणी लावत होते.

काही बंधनं उरली आहेत. निवडणुकीत एका उमेदवाराला वेळ दिला तर प्रतिस्पर्ध्यालाही तशीच संधी द्यावी लागते. बातमीपत्र आणि बातमीसाठी घेतलेली मुलाखत याला अपवाद. आता खरी मेख : निवेदक स्वतःच उमेदवार झाला तर? मग त्याच्या कार्यक्रमाचा वेळ प्रतिस्पर्धी मागू शकतात. म्हणून असे निवेदक अर्ज भरण्याआधी माइक सोडतात. अब्रुनुकसानीचा कायदा अर्थातच सगळ्यांना लागू आहे.

माझं मत विचाराल तर : एकाच निवेदकाला रोज चार तास ऐकू नका. सकाळचं बातमीपत्र ऐका, चर्चा ऐकायचीच असेल तर स्थानिक विषयावरची ऐका. पूल, पाणी, शाळा यांवर बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुकानात लोक भेटतात. त्यामुळे तो जपून बोलतो.

११. आईला आठवड्याच्या शेवटी एका ‘डॉक्टर’चा कार्यक्रम फार आवडला आणि तिनं गोळ्या मागवल्या. तो कार्यक्रम खरा असतो का?

असा कार्यक्रम बहुतेकदा विकत घेतलेला वेळ असतो. बातम्या-गप्पांच्या केंद्रांवर शनिवार-रविवारी अर्धा-एक तासाचे असे कार्यक्रम येतात : जीवनसत्त्वं, निवृत्तीची गुंतवणूक, घराच्या छताची कामं. ऐकायला मुलाखतीसारखे वाटतात. कायद्यानं सुरुवातीला किंवा शेवटी ‘हा प्रायोजित कार्यक्रम आहे’ असं सांगावंच लागतं, पण ते पाच सेकंदांत संपतं आणि मध्येच रेडिओ लावणाऱ्याला कळतही नाही.

निवेदक गप्पांच्या ओघात “माझ्या घरी यांनीच खिडक्या बसवल्या” म्हणतो तेव्हाही ती जाहिरातच असते.

आईंना रागावू नका. आकाशवाणीवर आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, हा तिच्या आयुष्यभराचा अनुभव आहे आणि तो खोटा नव्हता. इथली पद्धत समजावून सांगा, आणि चालू औषधांबरोबर ती गोळी चालते का हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा.

१२. मला कार्यक्रमात फोन करायचा आहे, पण माझ्या उच्चारांची लाज वाटते. काय होतं नेमकं?

लाज अजिबात वाटू देऊ नका. पिट्सबर्गकर स्वतः ‘यू ऑल’ला ‘यिन्झ’ म्हणतात आणि ‘स्लिपरी’ला ‘स्लिपी’. इथे बोलण्याच्या लकबीवरून माणूस कुठला हे ओळखतात, आणि तेवढ्यावर पुढे जातात.

फोन आधी एक सहायक घेतो. नाव (फक्त पहिलं पुरतं), कुठून बोलताय आणि कशावर बोलायचंय एवढं विचारतो. ते एका वाक्यात सांगायची तयारी ठेवा. मग थांबवून ठेवतात. कधी दोन मिनिटं, कधी पंचवीस. तुमचा नंबर लागला की घरातला रेडिओ बंद करा. कारण कार्यक्रम काही सेकंद उशिरानं हवेत जातो. कुणी शिवी दिली तर ती कापता यावी म्हणून. रेडिओ चालू राहिला तर तुम्हाला तुमचंच मागचं वाक्य ऐकू येईल आणि गडबड होईल.

ही उशिराची सोय नव्हती तेव्हाचा एक उपाय मला फार आवडतो. १९५१ ते १९७१ या काळात केडीकेएवर रात्री एड आणि वेंडी किंग हे दांपत्य ‘पार्टी लाइन’ चालवत असे. फोन करणाऱ्याचा आवाज हवेत जायचाच नाही. तो काय म्हणाला ते दोघं श्रोत्यांना सांगायचे. अशा तऱ्हेनं वीस वर्षं गप्पा रंगल्या.

१३. पायरेट्सचे सामने यावर लागतात का?

नाही, ते ९३.७ वर (प्रश्न ८). १९५५ ते २००६ ते १०२० वर लागत. जुने शेजारी अजून १०२० सांगतील, त्याचं कारण हे.

१४. बर्फाच्या दिवशी शाळा बंद आहे हे रेडिओवरच कळतं का?

आता शाळा स्वतः फोन आणि संदेश पाठवते, आधी तो बघा. पण इथे वाढलेल्या कुणालाही विचारा : पहाटे अंथरुणात, रेडिओवर शाळांची नावं वर्णक्रमानं येताहेत आणि आपल्या शाळेचं अक्षर यायची वाट पाहताहेत, ही आठवण प्रत्येकाकडे आहे.

रेडिओची खरी गरज पडते ती वीज गेल्यावर. बर्फाच्या ओझ्यानं तारा तुटतात, घरातलं वायफाय जातं, मोबाइल मनोऱ्यांवर ताण येतो. सेलवरचा एक रेडिओ, जास्तीचे सेल आणि रेडिओवर चिकटपट्टीवर लिहून लावलेले ‘१०२० एएम, १००.१ एफएम’ एवढं स्वयंपाकघरातल्या खणात ठेवाच. आई-बाबा घरात एकटे असतील तर त्यांना तो लावूनही दाखवा. मीडियम वेव्हच्या अडचणी प्रश्न ४ आणि ५ मध्ये दिल्या आहेत.

२८ जानेवारी २०२२ ला पहाटे फ्रिक पार्कजवळचा फर्न हॉलो पूल बसचं वजन घेऊन खाली कोसळला. दहा जण जखमी झाले, कुणी दगावलं नाही. त्या सकाळी मी रेडिओ लावला तो रस्ते विचारायला, आणि दिवसभर बंद केला नाही.

१५. नव्या इलेक्ट्रिक गाडीत एएम नाहीच. आता काय?

१००.१ एफएम, किंवा फोनवरचं ॲप. इलेक्ट्रिक मोटारीचा एएमवर गोंगाट होतो म्हणून काही कंपन्यांनी एएम काढून टाकलं. टेस्लानं काढलं, फोर्डनं २०२३ मध्ये काढायचं ठरवून त्याच वर्षी मे महिन्यात निर्णय फिरवला. प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयकही २०२३ मध्ये अमेरिकी संसदेत आलं. गाडी घेताना विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा. शहराबाहेर, डोंगरात, फोनची रेंज नसताना तेच एक लागतं.

१६. पुण्यातून ऐकता येईल का?

हवेतून नाही, मध्ये अर्धी पृथ्वी आहे. इंटरनेटवर ऑडसीचं ॲप आणि संकेतस्थळ आहे, पण प्रसारणहक्कांमुळे अमेरिकेबाहेर ते चालेलच असं धरून चालू नका. खेळांच्या सामन्यांवर तर अमेरिकेतही प्रदेशानुसार बंधनं असतात.

१७. मालक कंपनी दिवाळखोरीत गेली होती ना? केंद्र बंद पडणार का?

ऑडसीनं जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. सुमारे १.९ अब्ज डॉलरचं कर्ज सुमारे ३५ कोटींवर आणून त्याच वर्षी सप्टेंबरअखेर कंपनी त्यातून बाहेर आली. या मार्गात केंद्रं चालू राहतात, कर्ज देणाऱ्यांची मालकी येते. केडीकेएचा आवाज एक दिवसही थांबला नाही.

तरी काळजी निराधार नाही. पिट्सबर्गमध्येच केक्यूव्ही, १४१० एएम, १९७५ पासून फक्त बातम्या देत होतं. ३१ डिसेंबर २०१७ ला ते थांबलं. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस ८८० जवळजवळ सहा दशकं बातम्या देऊन ऑगस्ट २०२४ मध्ये खेळांकडे वळलं. बातमीदार महाग पडतो, गाणी आणि बाहेरून घेतलेला टॉक शो स्वस्त पडतो, हा त्यामागचा हिशेब. केंद्राचं नाव टिकलं आणि सभेला जाऊन बसणारा बातमीदार गेला, तर माझ्या लेखी केंद्र गेलंच.

१८. मंडळाच्या गणपतीची बातमी यावर येईल का? मराठी कार्यक्रम सुरू करता येईल का?

बातमी येऊ शकते. बातमीकक्षाला तीन-चार दिवस आधी, अर्ध्या पानात, इंग्रजीत कळवा : काय, कुठे, कधी, सगळ्यांना खुलं आहे का, आणि फोनवर नीट बोलू शकेल अशी एक व्यक्ती. सणाचा इतिहास तीन पानं लिहू नका. रस्ता बंद होणार असेल, अन्नदान किंवा रक्तदान असेल तर तेच पहिल्या ओळीत घ्या.

मराठी कार्यक्रम इथे बसणार नाही. वेळ विकत घ्यावा लागेल. त्यापेक्षा कार्नेगी मेलनचं डब्ल्यूआरसीटी, ८८.३ एफएम, हे विद्यार्थ्यांचं बिनव्यापारी केंद्र गाठा. विद्यार्थी असाल तर पिट विद्यापीठाचं डब्ल्यूपीटीएस, ९२.१, हाही पर्याय आहे.

१९. १९२० च्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुठे ऐकायला मिळेल?

मिळणार नाही, ते झालंच नव्हतं. इंटरनेटवर रोझेनबर्ग यांच्या आवाजात जे ऐकू येतं ते नंतर मुद्दाम पुन्हा बोलून घेतलेलं आहे. कुणी ‘मूळ’ म्हणून पाठवलं तर एवढं सांगा.

पाहायलाही फारसं उरलेलं नाही. कॉनरॅड यांचं गॅरेज २००१ मध्ये उतरवलं गेलं, तेव्हा विटा फेकल्या नाहीत. पुन्हा कधीतरी रचता येईल म्हणून जपून ठेवल्या. विल्किन्सबर्गमधून जाताना मी मुलांना एवढंच दाखवते, की इथे एक माणूस रात्री तबकड्या लावायचा आणि गावातले लोक आणखी मागायचे.